धरण, कंडेन्सर आणि खोडदची शांतता

जुन्या रेडिओला स्टेशन लावायचं एक बटण असे, आवाज कमी-जास्त करायचं दुसरं असे, आणि बऱ्याच रेडिओंना तिसरंही एक बटण असे. त्यावर ‘टोन’ असं लिहिलेलं असायचं. ते एका बाजूला फिरवलं की बातम्या देणाऱ्याचा आवाज भरदार, थोडा घुमल्यासारखा होई. दुसऱ्या बाजूला फिरवलं की ‘स’ आणि ‘श’ टोकदार ऐकू येत, पण सोबत खरखरही वाढे. साध्या रेडिओत या तिसऱ्या बटणामागे फार काही नसे. एक कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणारी वस्तू, आणि एक कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारी वस्तू. कंडेन्सर तर आपल्या घरच्या पंख्यात असतो, विहिरीवरच्या मोटारीलाही असतो. तो गेला की मोटार नुसती घुं-घुं करते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

रेझिस्टर आणि कंडेन्सर यांच्या या जोडीची हकीकत आज सांगायची आहे. ती सुरू होते अटलांटिक महासागराच्या तळाशी, येऊन पोचते आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, खोडद गावी. या जोडीतला एक आकडा चुकीचा निवडल्यामुळे आकाशातली एक मोठी गोष्ट शास्त्रज्ञांच्या हाती यायची राहत होती. आणि जुन्नर-आंबेगावच्या लोकांना आज ज्या रेल्वेची हुरहूर लागून राहिली आहे, तिचा प्रश्नही याच जोडीच्या एका मर्यादेपाशी येऊन थांबतो.

डिंभ्याचं पाणी

आधी ही जोडी करते काय, ते पाहू. त्यासाठी आंबेगाव तालुक्यातलं डिंभे धरण डोळ्यांसमोर आणा. भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो. ओढे तासाभरात फुगतात, तासाभरात ओसरतात. घोड नदीला येणाऱ्या पाण्याचा काही नेम नाही. पण हे सगळं पाणी धरणात येतं आणि दरवाजातून मोजकंच बाहेर पडतं. दुपारी एक जोराची सर आली म्हणून जलाशयाची पातळी लगेच हातभर वर जात नाही, आणि दोन तास उघडीप मिळाली म्हणून खालीही जात नाही. मात्र जून ते सप्टेंबर पाऊस लागून राहिला की पातळी चढते, आणि उन्हाळ्यात उतरते. म्हणजे तासातासाचे चढउतार धरणाने पुसून टाकले, आणि ऋतूंचा चढउतार तेवढा ठेवला.

धरणाच्या जागी कंडेन्सर ठेवा, अरुंद दरवाजाच्या जागी रेझिस्टर ठेवा, आणि येणाऱ्या पाण्याच्या जागी विजेचा संदेश. जलाशयाची पातळी म्हणजे कंडेन्सरवरचा व्होल्टेज. संदेश सावकाश बदलत असेल तर कंडेन्सरला भरायला आणि रिकामं व्हायला सवड मिळते, आणि तो संदेश जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. संदेश भराभर वरखाली होत असेल तर कंडेन्सर भरायला लागतो न लागतो तोच उपसा सुरू होतो, आणि बाहेर पडते ती नुसती सरासरी. एका सेकंदात संदेश किती वेळा वरखाली होतो, त्या संख्येला वारंवारिता किंवा फ्रीक्वेन्सी म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. तेव्हा थोडक्यात असं, की ही जोडी कमी वारंवारितेला वाट देते आणि जास्त वारंवारितेला दाबते. ती एक गाळणी आहे.

धरण जितकं मोठं आणि दरवाजा जितका अरुंद, तितकी पातळी संथ बदलणार. इथेही तसंच. रेझिस्टरचं मूल्य ओहममध्ये आणि कंडेन्सरचं फॅरडमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार केला, की उत्तर चक्क सेकंदांत येतं. त्याला कालस्थिरांक म्हणतात. रिकामा कंडेन्सर एवढ्या वेळात सुमारे ६३ टक्के भरतो, आणि याच्या पाचपट वेळात जवळजवळ पूर्ण. दहा हजार ओहमचा रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला तर कालस्थिरांक येतो सेकंदाचा दहा हजारावा भाग. अशी गाळणी सुमारे १,५९० हर्ट्झपाशी कात्री लावायला सुरुवात करते. १५९ हर्ट्झचा खर्जातला सूर तिच्यातून जवळजवळ पूर्ण बाहेर येतो, १,५९० हर्ट्झचा सूर सुमारे ७१ टक्क्यांवर येतो, म्हणजे त्याची शक्ती निम्मी होते, आणि १५,९०० हर्ट्झचा जेमतेम दहा टक्के उरतो. ही कात्री एकदम खटकन चालत नाही. उतार असतो, कडा नसतो.

याच दोन वस्तूंच्या जागांची अदलाबदल केली, कंडेन्सर वाटेत घातला आणि रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजला, तर नेमकं उलट होतं. स्थिर आणि संथ ते अडतं, चपळ ते पुढे जातं. रेडिओच्या एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात आवाज नेताना आतला स्थिर व्होल्टेज मागेच राहावा म्हणून हीच युक्ती वापरतात. एफएम प्रसारणातही ही जोडी आहे. प्रसारण करताना उंच सूर मुद्दाम चढवून पाठवतात आणि आपल्या घरचा रेडिओ ते तेवढेच उतरवतो, म्हणजे वाटेत मिसळलेली खरखरही त्यासोबत खाली बसते. जगाच्या बऱ्याच भागात यासाठी ५० मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक ठरलेला आहे, अमेरिकेत ७५.

समुद्राच्या तळाशी

विद्युतभार साठवणारी बरणी १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीत आणि हॉलंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी सापडली. हॉलंडमधल्या लायडन गावावरून तिला लायडनची बरणी म्हणू लागले. विजेला होणाऱ्या अडथळ्याचा नियम जॉर्ज ओहम याने १८२७ मध्ये मांडला. पण या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, हे जगाला कळलं ते मोठ्या आर्थिक फटक्यातून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला समुद्राखालून तारेची केबल टाकायला सुरुवात झाली. खांबांवरच्या तारेतून संदेश झटकन जाई, पण पाण्याखालच्या केबलमधून तो लोळागोळा होऊन पोचे. एका टोकाला टिचकी मारावी तसा नेमका ठोका द्यावा, तर दुसऱ्या टोकाला तो सावकाश फुगून सावकाश ओसरे. पुढचा ठोका लगेच दिला तर दोन्ही एकमेकांत मिसळून जात.

विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले, त्यांनी १८५४-५५ मध्ये याचं गणित मांडलं. केबलमधली तांब्याची तार म्हणजे एक लांबच लांब रेझिस्टर. तारेभोवतीचं आवरण आणि त्याबाहेरचं समुद्राचं पाणी मिळून एक लांबच लांब कंडेन्सर. म्हणजे सगळी केबल हीच एक अवाढव्य गाळणी. केबलची लांबी दुप्पट केली की अडथळाही दुप्पट आणि साठवणही दुप्पट, तेव्हा संदेशाला लागणारा उशीर चौपट. हे ऐकायला कुणाला आवडणार? अटलांटिक केबलच्या कंपनीत वाइल्डमन व्हाइटहाउस नावाचे विद्युततज्ज्ञ होते, त्यांना ते पटलं नाही.

१८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून केबल पडली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचवायला सुमारे सोळा तास लागले. संदेश जोर लावून ढकलावा म्हणून व्हाइटहाउस यांनी केबलला प्रचंड व्होल्टेज दिला. आधीच दुबळी असलेली केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. धरणाचा दरवाजा अरुंद असेल तर वरून कितीही पाणी ओतलं तरी कालव्याला ते आपल्या वेळेनेच येणार. १८६६ मध्ये टिकाऊ केबल पडली, ती थॉमसन यांचा हिशेब मानून. जाड तार, जाड आवरण, आणि अतिसूक्ष्म प्रवाह दाखवणारं त्यांचं आरशाचं यंत्र. आपल्या मुंबईचा लंडनशी समुद्राखालून तारेचा संबंध जोडला गेला १८७० मध्ये. एडनहून मुंबईपर्यंतची केबल ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने टाकली. मुंबईच्या कापसाचे भाव ज्या वेगाने लंडनला कळू लागले, त्या वेगालाही रेझिस्टर आणि कंडेन्सरच्या गणिताची मर्यादा होती.

आकाशाची खरखर

पुढे बिनतारी संदेश आले, रेडिओ आला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनीअर समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये येणारी खरखर तपासत होता. जवळच्या वादळांची खरखर त्याने ओळखली, लांबच्या वादळांचीही ओळखली. एक बारीक, सतत चालणारी फुसफुस तेवढी उरली. ती रोज साधारण चार मिनिटं आधी येई. दिवस २४ तासांचा, पण तारे आकाशाच्या त्याच जागी परत येतात २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे ही खरखर सूर्याची नव्हती, पृथ्वीवरची तर नव्हतीच. ती आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला.

आकाशातून येणारे हे रेडिओ संदेश विलक्षण क्षीण असतात. चंद्रावर एखादा साधा मोबाइल फोन सुरू ठेवला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या तेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल. शिवाय दुर्बिणीच्या यंत्रणेची स्वतःचीही खरखर असतेच. या दोन खरखरींतून हवं ते वेगळं कसं काढायचं? उपाय धरणाचाच. यंत्रातून बाहेर पडणारा संदेश रेझिस्टर-कंडेन्सरच्या जोडीतून न्यायचा आणि मग कागदाच्या पट्टीवर लेखणीने उमटवायचा. यंत्राची खरखर क्षणोक्षणी वरखाली होते, ती सरासरीत पुसली जाते. ताऱ्याची ऊर्जा सलग येत राहते, ती उरते. सरासरी शंभरपट वेळ काढली तर खरखर दहापट कमी होते. म्हणून मग कालस्थिरांक मोठा घ्यायचा, काही सेकंदांचा, कधी त्याहून जास्त. लेखणी शांत चाले, रेघ गुळगुळीत येई. शास्त्रज्ञ खूश.

पण धरण सरी पुसून टाकतं, हे आपण विसरायचं नाही.

निसटलेले तारे

१९६७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे अँटनी ह्युइश यांनी साडेचार एकरांवर खांब आणि तारा उभारून एक रेडिओ दुर्बीण बांधली. ती चालत होती ८१.५ मेगाहर्ट्झवर. ह्युइश यांना पाहायचं होतं रेडिओ स्रोतांचं लुकलुकणं. सूर्यापासून वाहणाऱ्या वायूमुळे दूरचे लहान स्रोत सेकंदाच्या आसपास लुकलुकतात. लुकलुकणंच मोजायचं, तर ते पुसून टाकणारी गाळणी चालायची नाही. म्हणून या यंत्रणेचा कालस्थिरांक सेकंदापेक्षा कमी ठेवला होता. रेघ खडबडीत आली तरी चालेल, असा तो निर्णय होता.

या दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर कागदपट्टी बाहेर पडे. ती तपासायचं काम जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीकडे होतं. तिला पट्टीवर एका ठिकाणी काही मिलिमीटरांचा विस्कटलेला डाग दिसला. तो स्रोतासारखा नव्हता, माणसाने केलेल्या गडबडीसारखाही नव्हता. आकाशाच्या त्याच जागेवरून तो पुन्हा पुन्हा येत होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी पट्टी वेगाने फिरवून तिने तो डाग उलगडला, आणि ठोके दिसले. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. तो पहिला पल्सार होता, म्हणजे प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरणारा, शहराएवढ्या आकाराचा मृत तारा. फेब्रुवारी १९६८ मध्ये ही बातमी प्रसिद्ध झाली. १९७४ चं नोबेल पारितोषिक ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. बेल यांचं नाव त्यात नव्हतं, आणि त्याबद्दलची चर्चा आजही संपलेली नाही.

आता हिशेब करू. दर १.३३७ सेकंदाला येणारा ठोका दहा सेकंदांच्या कालस्थिरांकातून नेला तर काय होईल? एक ठोका ओसरायच्या आत पुढचे सात येऊन पडतील. कागदावर एक बारीकसा, गुळगुळीत उंचवटा उमटेल. साधा क्षीण स्रोत म्हणून त्याची नोंद होईल, किंवा तीही होणार नाही. १९६७ च्या आधी पल्सार आकाशात नव्हते, असं थोडंच आहे? आधीच्या कितीतरी निरीक्षणांत त्यांची ऊर्जा दुर्बिणीत उतरून गेली असणार. गाळणीने ठोका पुसला, आणि एकदा पुसलेलं कुणाला परत आणता येत नाही. आपली रेघ स्वच्छ दिसते म्हणून आपण काही गमावलं नाही, असं समजायचं कारण नाही, ही गोष्ट त्या कागदपट्टीने शिकवली.

कल्याण, ऊटी, खोडद

या घडामोडींच्या सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत रेडिओ खगोलशास्त्र शिकून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्या लावून १९६५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याणजवळ देशातली पहिली मोठी रेडिओ मांडणी उभी केली आणि तिच्यातून सूर्याची निरीक्षणं घेतली. १९७० मध्ये ऊटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण तयार झाली.

त्यानंतर त्यांच्या मनात आली त्याहून मोठी दुर्बीण, जी मीटरभर लांबीच्या लहरी टिपेल. त्यासाठी जागा हवी होती शांत. शांत म्हणजे पाखरांच्या किलबिलाटाची नव्हे, रेडिओ लहरींची शांतता. मोठ्या शहरापासून दूर, पण पुण्याहून जाण्यायेण्यासारखी, आणि मध्ये डोंगर असलेली. वाराही बेताचा हवा. ती जागा सापडली नारायणगावजवळ खोडदला. याच भागातल्या आर्वीला १९७० च्या दशकाच्या आरंभी परदेशांशी संपर्कासाठी ‘विक्रम’ उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं होतं. जुन्नरच्या डोंगरांचा आडोसा असा दोनदा कामी आला.

खोडदची ही दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, आजूबाजूच्या शिवारांत पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. पत्र्याच्या भरीव तबकडीऐवजी बारीक तारेची जाळी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवायची, ही गोविंद स्वरूप यांची कल्पना. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटतं, आणि खर्च परवडतो. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ इथे निरीक्षणाचा वेळ मागू लागले. २०१९ पर्यंत सगळी यंत्रणा नव्याने सुधारून घेतली गेली.

खोडदला आज कागदपट्टी नाही, आणि सरासरी काढायला कंडेन्सरही लावत नाहीत. ते काम संगणक करतात. पण प्रश्न तोच राहिला आहे, सरासरी किती वेळाची काढायची? दूरच्या दीर्घिकेचं चित्र काढायचं असेल तर काही सेकंदांची चालते. पल्सार हवा असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक मोजावं लागतं. २००४ मध्ये जीएमआरटीला स्वतःचा पहिला नवा पल्सार सापडला, तो एका तारकागुच्छात, सेकंदाला सुमारे दोनशे फेऱ्या मारणारा. जुन्या गुळगुळीत रेघेवर तो दिसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या टोकाचंही एक काम इथे होतं. पल्सारचे ठोके वर्षानुवर्षं मोजत राहिलं, तर त्यांच्या वेळांत अत्यंत सावकाश होणारी हेलकाव्यासारखी चूक दिसते का, ते पाहायचं. जून २०२३ मध्ये युरोप आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी, जीएमआरटीच्या नोंदीही सोबत घेऊन, अशा हेलकाव्याचे पुरावे मांडले. त्याच वेळी जगातल्या इतर गटांनीही तसेच निष्कर्ष जाहीर केले. अवकाशातून जाणाऱ्या या गुरुत्वीय लहरींचा एक हेलकावा पुरा व्हायला वर्षं लागतात. सेकंदाच्या हजाराव्या भागातल्या चपळाईपासून वर्षांच्या संथपणापर्यंत, हे सगळं एकाच शिवारात मोजलं जातं.

गाळणी जिथे हरते

आता शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. इतकं सगळं जमतं, तर मग खोडदच्या आसपास कारखाने का नकोत, आणि रेल्वे का नको? नको ती लहर गाळून टाकता येत नाही का?

गाळणी निवड करते ती वारंवारिता पाहून. नको असलेला संदेश एका ठरावीक वारंवारितेवर असेल, उदाहरणार्थ एखादं प्रसारण केंद्र, तर तेवढा पट्टा वगळता येतो, आणि खोडदला तो वगळतातही. त्यासाठी साध्या जोडीपेक्षा गुंतागुंतीच्या, वेटोळी घातलेल्या गाळण्या लागतात, पण तत्त्व तेच. मात्र ठिणगीचं तसं नसतं. शेतात रेडिओ लावलेला असताना शेजारून मोटारसायकल गेली, की कोणतंही स्टेशन लावलेलं असो, खर्रर्र आवाज येतो. आकाशात वीज चमकली की सगळ्या स्टेशनांवर कडकड ऐकू येते. अचानक उडणाऱ्या ठिणगीत एक वारंवारिता नसते, सगळ्याच थोड्या थोड्या असतात. ताऱ्याची लहर ज्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात ठिणगीही येऊन बसते. तिथे गाळणी काय करणार? दूध आणि पाणी एकाच जाळीतून जातं.

विजेच्या तारांच्या सैल जोडांवर उडणाऱ्या ठिणग्या खोडदला पहिल्यापासून त्रास देत आल्या आहेत. सुधारित यंत्रणेत संगणक सरासरी काढण्याच्या आधीच अशा क्षणिक ठिणग्या ओळखून बाजूला काढतो. १९६७ च्या धड्याचाच हा उपयोग म्हणायचा. आधी बारीक पाहा, मग सरासरी काढा. पण ठिणग्या सतत उडत राहिल्या, तर बाजूला काढून उरणार काय?

पुणे-नाशिक रेल्वेची आखणी झाली ती चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर या बाजूने. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावरचा दांडा तारेवरून घासत जाताना ठिणग्या उडतात. ही आखणी जीएमआरटीच्या जवळून जात असल्याने निरीक्षणांत बाधा येईल, असा आक्षेप आला, आणि मार्ग बदलण्याची भूमिका केंद्रीय रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये मांडली. जुन्नर-आंबेगावात यावर नाराजी उमटली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. टोमॅटो, कांदा, द्राक्षं पिकवणाऱ्या या भागाला रेल्वे हवी आहे. नारायणगावचा बाजार मोठा, मंचरचा बाजार मोठा, आणि सगळा माल पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोंडीतून जातो. शिकलेल्या मुलांना कामासाठी चाकणला, पुण्याला जावं लागतं, कारण इथे कारखाने वाढायला मर्यादा आहेत. जगाला पल्सार मिळतो, आणि शांततेची किंमत मात्र दोन तालुके मोजतात, असं कुणी म्हटलं तर त्याला उत्तर द्यायला हवं.

ते उत्तर ‘विज्ञानासाठी त्याग करा’ एवढंच असून चालणार नाही. तांत्रिक उपाय किती दूरपर्यंत जाऊ शकतात, कोणत्या अंतरावर ठिणगीचा त्रास सोसवेल, डोंगराचा आडोसा कुठे मिळेल, हे मोजून लोकांसमोर त्यांच्या भाषेत मांडायला हवं. मार्ग बदलणारच असेल, तर मालवाहतुकीची दुसरी सोय काय, हेही त्याच वेळी सांगायला हवं. खोडदला दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बीण पाहायला शाळांची मुलं हजारोंनी येतात. तबकड्यांखाली उभं राहून माना वर करून बघतात. त्या मुलांना तारे दाखवतो, तसं त्यांच्या गावाला रेल्वे का मिळाली नाही, तेही समजावून सांगता आलं पाहिजे.

थॉमसन यांचं गणित मानलं नाही म्हणून एक केबल बुडाली. कालस्थिरांक मोठा ठेवला म्हणून तारे निसटले. रेझिस्टर आणि कंडेन्सर बाजारात काही रुपयांना मिळतात, पण ते बसवताना काय राखायचं आणि काय सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं. जुन्नर आणि आंबेगावच्या बाबतीतही तसंच ठरवायचं आहे, आणि ते ठरवताना तिथल्या माणसांचा आवाज सरासरीत पुसला जाऊ नये.